दोन वर्षांसाठी गेले आणि तिथेच राहिले: जर्मनीतल्या वास्तव्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत जर्मनीचा विषय पुन्हा पुन्हा आला आहे. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला. जाण्याबद्दल माहिती देणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे आम्ही गेल्यानंतरचे प्रश्न घेतले आहेत: थांबायचं का, थांबायचं तर कागद कोणते, आणि इकडच्या घराचं, शेताचं, आईवडिलांचं काय.

माझा मुलगा २०१९ मध्ये ‘दोन वर्षांत परत येतो’ म्हणून म्युनिकला गेला. आता लग्न झालंय, मुलगी पाच वर्षांची आहे. परत कधी येणार विचारलं की विषय बदलतो. माणसं तिथे नेमकी कशासाठी थांबतात? पगारासाठीच ना?
*– एक आई, ठाणे*

पगारासाठी जातात हे खरं. थांबण्याची कारणं वेगळी असतात. आधी पगाराचाच हिशेब मांडू. वर्षाला ६० हजार युरो पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात कर, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि शुश्रूषा विमा कापून महिन्याला साधारण ३,१०० ते ३,२०० युरो पडतात. म्युनिकमध्ये एका बेडरूमचं घर हीटिंग-पाण्यासह १,२०० ते १,५०० युरोंना मिळालं तर नशीब म्हणायचं. किराणा, प्रवास, वर्षातून एकदा भारताची तिकिटं वजा केली की जी शिल्लक उरते, ती पुण्यातल्या मुरलेल्या इंजिनिअरच्या शिलकीपेक्षा फार मोठी असतेच असं नाही.

मग धरून काय ठेवतं? रोजचा दिवस. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर कायद्याने वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा आहे; बहुतेक कंपन्या २८ ते ३० देतात, आणि ती घेतली नाही तर साहेबच विचारतो. आजारपणाची रजा यातून कापत नाहीत. पहिले सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा कोश ढोबळ पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत देतो. मूल एक वर्षाचं झालं की ‘किटा’मध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे, प्रत्यक्षात मोठ्या शहरांत त्यासाठी झगडावं लागतं, पण हक्क आहे. सरकारी शाळेला फी नाही. प्रत्येक मुलामागे महिन्याला २५९ युरो (२०२६चा दर) थेट खात्यात येतात. संध्याकाळी साडेपाचला घरी पोहोचून मुलीला सायकल शिकवता येते. या दिनक्रमाची सवय झालेल्या माणसाला हिंजवडीचा रोजचा दीड तासाचा प्रवास आठवला की पाऊल अडखळतं.

दुसरं कारण तारखांचं आहे आणि आमच्या मते तेच मोठं. कायमचं राहायचं असं कुणी एका संध्याकाळी बसून ठरवत नाही. ‘पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) हातात येऊ दे, मग बघू’ म्हणत पहिली दोन-तीन वर्षं जातात. मग पाच वर्षांवर नागरिकत्व दिसू लागतं. तेवढ्यात मूल सहा वर्षांचं होऊन पहिलीत जातं. चौथीनंतर बहुतेक राज्यांत मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. तुमच्या मुलाच्या बव्हेरियात तर चौथीच्या मे महिन्यातल्या दाखल्यावर जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तरच थेट गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेला, प्रवेश मिळतो. तिथे १ ही सर्वांत चांगली श्रेणी, त्यामुळे आकडा जितका लहान तितका बरा. तो टप्पा गाठेपर्यंत मूल जर्मनमध्ये विचार करायला लागलेलं असतं. देवनागरी वाचता येत नसते. त्याला पुण्यात पाचवीत बसवणं अवघड जातं, आणि आईबाप आणखी आठ वर्षं थांबतात.

परतणारेही आहेत. जोडीदाराला काम न मिळणं, इकडे आईवडील एकटे पडणं आणि भाषा ए२ वर (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांपैकी दुसरीवर) अडकून राहणं ही त्यांची नेहमीची तीन कारणं. भाषा आली नाही की ऑफिसबाहेर माणूस मुका होतो, आणि डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडला की ते एकटेपण अंगावर येतं.

मुलगा विषय बदलतो तो बहुधा त्याच्याजवळच उत्तर नसतं म्हणून. ‘परत कधी येणार’ असं विचारू नका. नात पहिलीत कोणत्या सप्टेंबरमध्ये जाणार आणि त्याआधी तुम्ही दोघं काय ठरवणार आहात, असं विचारा. त्याला उत्तर देता येईल, आणि तुम्हालाही कळेल.

ब्लू कार्डवर नोकरीला १९ महिने झाले. कंपनीत सगळं इंग्रजीत चालतं, माझं जर्मन ए२ आहे. पीआरसाठी २१ महिने की २७? मध्येच चांगली नोकरी चालून आली आहे, बदलू का?
*– एक वाचक, बर्लिन (मूळ पुणे)*

ब्लू कार्डवर, म्हणजे परदेशातून आलेल्या उच्चशिक्षित कुशल नोकरदारांच्या परवान्यावर, कायम वास्तव्याचा परवाना, जर्मनीत ‘निडरलासुंग्स-एरलाउबनिस’, बी१ जर्मन असेल तर २१ महिन्यांनी मिळतो, ए१ वर २७ महिन्यांनी. तुम्ही ए२ वर आहात. बी१चा अभ्यासक्रम साधारण १६० ते २०० तासिकांचा असतो. नोकरी सांभाळून आठवड्याला दोन संध्याकाळचे वर्ग केले तर पाच-सहा महिने जातात, मग परीक्षेची तारीख, मग निकालाला काही आठवडे. म्हणजे २१ गाठण्याची धावपळ करूनही तुम्ही २६व्या महिन्याच्या आसपास पोहोचाल. तेव्हा अर्ज २७वर धरा. बी१ मात्र सोडू नका. नागरिकत्वाला ते लागतंच, आणि डॉक्टरकडे काय होतंय हे सांगण्यासाठी त्याआधी लागतं.

महिने मोजताना व्हिसाची तारीख धरू नका. ज्या महिन्यांत पात्र नोकरी होती आणि पेन्शनचा हप्ता भरला गेला, तेच महिने धरले जातात. म्हणून आजच सरकारी पेन्शन संस्थेच्या संकेतस्थळावरून ‘फेरझिखरुंग्सफेरलाउफ’, म्हणजे हप्त्यांचा तक्ता, मागवा. तो टपालाने येतो. त्यात मधले महिने रिकामे दिसले (बिनपगारी रजा, दोन नोकऱ्यांमधलं अंतर) तर तेवढे पुढे ढकला. चालू वर्षाचे हप्ते पुष्कळदा तक्त्यात आलेले नसतात, कारण कंपनी ते वर्षअखेरीस कळवते. त्यासाठी पगारपत्रकं जोडा.

बाकी कागद: मुदतीतला पासपोर्ट, नोकरीचा करार आणि नोकरी चालू असल्याचं कंपनीचं ताजं पत्र, शेवटच्या तीन ते सहा महिन्यांची पगारपत्रकं, आरोग्य विम्याचं पत्र, घराचा भाडेकरार, भाषेचं प्रमाणपत्र आणि ‘लेबेन इन डॉइचलांड’ चाचणीचा निकाल. या चाचणीत ३३ प्रश्न असतात आणि फी २५ युरो. पीआरला १५ बरोबर आले तरी चालतात, नागरिकत्वाला १७ लागतात. १७ मिळवून ठेवलेत की दोन्हींचं काम एकाच कागदावर होतं. परवान्याची फी ११३ युरो.

नोकरीबद्दल. ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते बदल ३० दिवस रोखू शकतात. तुमचा तो काळ उलटला. अडचण दुसरीच आहे. नव्या नोकरीला सहसा सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ असतो, आणि तो चालू असताना आलेला पीआरचा अर्ज बरीच कार्यालयं बाजूला ठेवतात. आज, १९व्या महिन्यात, बदललीत तर २७पर्यंत परिवीक्षा संपते. २४व्या महिन्यात बदललीत तर अडकाल. तेव्हा बदलायची असेल तर आत्ताच, नाहीतर पीआरनंतर. नवा पगार ब्लू कार्डच्या मर्यादेवर आहे ना तेही बघा: २०२६ साली ती ५०,७०० युरो आहे, तुटवड्याच्या व्यवसायांना ४५,९३४.२० युरो. आयटी बहुतेक वेळा दुसऱ्या गटात बसतं.

आणखी एक. कार्ड संपायच्या आत अर्ज दिला आणि भेटीची तारीख उशिराची मिळाली, तर कार्यालय ‘फिक्ट्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा तात्पुरता कागद देतं. त्याच्या आतल्या पानावर तीन चौकोन असतात. खूण तिसऱ्या चौकोनात, म्हणजे कलम ८१ पोटकलम ४ समोर असेल, तर जुना परवाना चालू धरतात. काम करता येतं, भारतात जाऊन परत येता येतं. खूण पहिल्या चौकोनात असेल तर देशाबाहेर पडू नका, त्या कागदावर परत येता येत नाही. कागद हातात घेतला की खिडकीशी उभं राहूनच ही खूण तपासा.

मी श्टुटगार्टला सहा वर्षं आहे, जर्मन पासपोर्टला पात्र झालोय. वडिलांच्या नावावर कागलजवळ साडेतीन एकर ऊस आहे. ते म्हणतात, पासपोर्ट बदललास तर शेत जाईल. खरं का?
*– एक वाचक, मूळ कोल्हापूर जिल्हा*

शेत जात नाही. पण वडिलांची काळजी अगदीच निराधारही नाही.

२७ जून २०२४ पासून जर्मनी दुसरं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. भारत मात्र दोन नागरिकत्वं मानत नाही: १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यानंतर उरतं ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, आणि शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र ठेवता येते. ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. आणि हे लक्षात घ्या की भारतीय पासपोर्ट असतानाही, परदेशी स्थायिक असलेल्याला परकीय चलन कायद्यानुसार शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे शेजारचा एकर घ्यायची वाट आजही तुम्हाला बंदच आहे. पासपोर्ट बदलल्याने शेताच्या बाबतीत फारसं काही नवं बिघडत नाही.

बिघडतं ते कागद वेळेवर न केल्याने. वडिलांच्या पश्चात वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. अर्ज तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) जातो, फेरफार पडतो, हरकतींसाठी नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तुम्ही तिकडे असाल तर इथल्या माणसाला मुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते भारतीय वकिलातीत सही करून साक्षांकित करायचं, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. ही मुदत चुकली की कागद निबंधक कार्यालयात अडतो. सातबाऱ्यावर तुमचं नाव एक, पासपोर्टवर दुसरं (वडिलांचं नाव मधे नसणं, आडनावाचं स्पेलिंग वेगळं) असेल तर नावाचं प्रतिज्ञापत्र आत्ताच, वडील असताना, करून ठेवा.

दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. वारस जर्मनीत राहत असेल तर जर्मनीचा वारसाकर जगभरातल्या मालमत्तेला लागू होतो, पासपोर्ट कोणताही असो. मुलाला प्रत्येक पालकामागे ४ लाख युरोंपर्यंत सूट आहे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चार कोटी. साडेतीन एकर उसाला हे लागणार नाही, पण महामार्गालगतची जमीन आणि कोल्हापुरातलं घर मिळून आकडा तिथे पोहोचत असेल तर तीन महिन्यांत फिनान्सआम्टला, म्हणजे तिथल्या कर कार्यालयाला, कळवणं भाग आहे. दोन देशांत या कराबाबत करार नाही.

नागरिकत्वाचा क्रम असा ठेवा. पाच वर्षांचं वास्तव्य, बी१, ३३ पैकी १७ प्रश्न, स्वतःच्या कमाईवर घर चालत असल्याचा पुरावा, फी २५५ युरो (मुलांसह अर्ज असेल तर प्रत्येक मुलामागे ५१). तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, तिच्याबद्दलच्या जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. नागरिकत्वाचं पत्र हातात पडलं त्या क्षणापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. त्याला दंड आहे. मग जर्मन पासपोर्ट काढायचा, भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि त्यावर ओसीआयचा अर्ज. या साऱ्यात काही महिने जातात आणि मधल्या काळात भारतात यायला व्हिसा लागतो. गणपतीला यायचं ठरलं असेल तर पत्र घेण्याचा दिवस परतल्यानंतरचा मागा.

आम्ही दोघं ६६ आणि ६१ वर्षांचे. मुलगा म्हणतो, इकडेच या. आम्हाला कायमचं जाता येईल का? निदान सहा महिने?
*– एक दाम्पत्य, छत्रपती संभाजीनगर*

सलग सहा महिने भेटीच्या व्हिसावर राहता येत नाही. नियम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांचा आहे, आणि उतरण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. १ एप्रिलला उतरलात तर ९०वा दिवस २९ जून. पुन्हा पूर्ण ९० दिवस राहायचे तर २८ सप्टेंबरपासून जाता येईल. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवरची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर गेली आहे, तेव्हा ‘शिक्का पुसट होता’ वगैरे आता चालायचं नाही. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारे भेटीचे व्हिसा) नीट वापरले असतील तर २०२४ पासून भारतीयांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. त्याने दरवेळची कागदपत्रं वाचतात, ९० दिवसांचं गणित तेच राहतं.

व्हिसाची फी ९० युरो. मुलाने तिथल्या कार्यालयात जाऊन तुमच्या खर्चाची हमी द्यायची असते. तिला ‘फेरफ्लिख्टुंग्स-एरक्लेरुंग’ म्हणतात. फी २९ युरो, आणि ही हमी सहा महिन्यांत वापरावी लागते. मूळ प्रत तुमच्याकडे हवी, व्हॉट्सअॅपवरचा फोटो चालत नाही. त्या कार्यालयाची वेळ मिळायलाच अनेक आठवडे लागतात, म्हणून तिकिटांच्या आधी ही तारीख घ्यायला सांगा.

प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो, पण तो बहुधा आधीपासूनचे आजार धरत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांची औषधं पूर्ण मुक्कामाची सोबत न्या, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. भारतातली गोळीची नावं तिथल्या औषधविक्रेत्याला कळत नाहीत.

कायमचं जाण्याची वाट १ मार्च २०२४ पासून आहे, पण अरुंद. मुलाचा ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना त्या तारखेनंतर पहिल्यांदा मिळालेला असेल तरच आईवडिलांना (सासू-सासऱ्यांनाही) बोलावता येतं. आधीपासून तिथे असलेल्यांना ही सवलत नाही, आणि ते आम्हाला अन्यायाचं वाटतं. अट पूर्ण झाली तरी गाडं आरोग्य विम्यावर अडतं. पंचावन्न वर्षांनंतर सरकारी विमा कोशात नव्याने शिरणं जवळपास अशक्य असतं. खाजगी विमा घ्यायचा तर माणशी महिन्याला शेकडो युरो, आणि जुने आजार असतील तर कंपनी नाही म्हणू शकते. मुलाला आधी दोघांच्या विम्याची लेखी किंमत आणायला सांगा. बाकी सगळे कागद त्यानंतर. इकडचं घर विकायचा विचार तर त्याच्याही नंतर.

पत्नी बीडीएस आहे, माझ्याबरोबर फ्रँकफर्टला आली. तिला दवाखान्यात काम कसं मिळेल? घरी बसून ती खचत चालली आहे.
*– एक वाचक, फ्रँकफर्ट*

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कोणतंही काम करायची मुभा आहे. पण दंतवैद्यकी हा नियंत्रित व्यवसाय, तिथे ‘अप्रोबात्सिओन’ म्हणजे राज्याची मान्यता लागते. पुष्कळ जोड्यांचा थांबण्या-परतण्याचा निर्णय याच एका कागदावर होतो, म्हणून हे येण्याआधी सुरू करायला हवं होतं. तरी अजून उशीर झालेला नाही.

आधी भाषा: बी२, आणि त्यापुढे दंतवैद्यांच्या भाषेची सी१ पातळीची तोंडी-लेखी परीक्षा. ती २०-२० मिनिटांच्या तीन भागांत असते: रुग्णाशी बोलणं, नोंद लिहिणं, सहकाऱ्याला केस सांगणं. शून्यापासून इथवर दीड-दोन वर्षं धरा. मग भारतातलं शिक्षण तिथल्याशी ताडून बघतात. फरक मोठा निघाला तर ज्ञान-चाचणी द्यावी लागते, आणि नापास झाल्यास ती आणखी दोनदा देता येते. मधल्या काळात तात्पुरता परवाना मिळू शकतो, जास्तीत जास्त दोन वर्षांचा.

कागदांत पदवी, सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, विषयवार तासांसह अभ्यासक्रम, दंत परिषदेची नोंदणी आणि सद्वर्तनाचं प्रमाणपत्र लागतं. शेवटचं प्रमाणपत्र काही महिन्यांतच शिळं होतं, म्हणून ते सर्वांत शेवटी काढा. भाषांतर जर्मनीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्या. आणि कागदांना अपोस्टिल करून आणण्यावर पैसे घालू नका: भारताच्या अपोस्टिलवर जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे दोन देशांत ते चालत नाही. लागल्यास तिथलं कार्यालय स्वतंत्र पडताळणी सांगतं.

भाषेचे वर्ग सुरू असतानाच जवळच्या दंत दवाखान्यात सहायक म्हणून आठवड्याचे काही तास मिळतात का बघा. ‘मिनीजॉब’मध्ये महिन्याला ६०३ युरोंपर्यंत (२०२६) कमाई चालते. पैशांपेक्षा तिथे ऐकू येणारी भाषा मोलाची आहे. ‘जरा चूळ भरा’ हे पुस्तकात शिकवत नाहीत. आणि चार माणसांत काम केल्याने तिचं खचणंही थोडं थांबेल.

आजोबांचा जन्म १९६१च्या आधीचा, गोव्यातला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं तर जर्मनीत व्हिसाशिवाय राहता येईल?
*– एक वाचक, म्हापसा*

येईल. पोर्तुगीज नागरिक हा युरोपीय संघाचा नागरिक, त्याला जर्मनीत नोकरीसाठी परवाना लागत नाही. घर घेतल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवला की झालं. इंग्लंडची वाट मात्र ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद झाली. भारताच्या बाजूने सावध राहा: दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा तिथलं नागरिकत्व स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा मानतात. त्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरू नका, मतदान करू नका. लिस्बनच्या नोंदणीसाठी आजोबांचा जन्मदाखला, विवाहनोंद आणि पुढच्या प्रत्येक पिढीचे दाखले यांत नावं जुळावी लागतात. बहुतेक अर्ज ‘द’ आणि ‘डि’ किंवा आडनावातल्या एका अक्षरावर रखडतात, आणि ती दुरुस्ती गोव्यातच आधी करून घ्यावी लागते.

नऊ वर्षांनंतर पुण्याला परतायचं ठरवलंय. जर्मनीचा दरवाजा पूर्ण बंद होऊ नये असं वाटतं. काय काळजी घ्यावी?
*– एक दाम्पत्य, हॅम्बुर्ग*

दरवाजाचा प्रश्न आधी. साधा पीआर परवाना सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात की सहसा रद्द होतो. तुम्हाला नऊ वर्षं झाली आहेत, तेव्हा निघण्याआधी ‘डाउअर-आउफएंटहाल्ट ईयू’ हा युरोपीय दीर्घ वास्तव्याचा परवाना घ्या. तो युरोपीय संघाबाहेर १२ महिने राहिलं तरी टिकतो, आणि पूर्वी ब्लू कार्ड असलेल्यांना २४ महिने. पुण्यात दोन उन्हाळे काढून मग ठरवायला एवढा वेळ पुरतो.

पेन्शनचे हप्ते ६० महिन्यांहून जास्त भरले असल्याने हक्क पक्का आहे. दोन देशांत १ मे २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, आणि पेन्शन पुढे भारतातही मिळते. हप्त्यांचा पूर्ण तक्ता आणि विमा क्रमांक जपून ठेवा, पत्ता बदलला की कळवत राहा.

घर सोडण्याची नोटीस तीन महिन्यांची, आणि कागदावर शाईची सही करून द्यायची. ईमेल केलेली धरत नाहीत. ‘आबमेल्डुंग’, म्हणजे पत्ता रद्द करणं, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ते नंतर दोन आठवड्यांपर्यंत करता येतं. त्या कागदाच्या चार-पाच प्रती काढा, वीज, इंटरनेट, जिम, रेडिओ-टीव्हीचा महिना १८.३६ युरोंचा आकार, सगळं त्यावरच बंद होतं. मुलांच्या शाळेचे दाखले जर्मनीतच इंग्रजीत भाषांतर करून आणा, पुण्यात जर्मन भाषांतरकार मिळतात पण जूनच्या तोंडावर गर्दी असते.

भारतात उतरल्यावर आयकरात तुम्हाला साधारण दोन वर्षं ‘सामान्यतः निवासी नसलेला रहिवासी’ हा दर्जा मिळेल. तेवढ्या काळात जर्मनीतल्या ठेवींच्या व्याजावर भारतात कर लागत नाही. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती निवासी करायला बँकेला कळवा. जर्मनीतलं खातं मात्र लगेच बंद करू नका. घराची अनामत घरमालक हीटिंगचा हिशेब होईपर्यंत काही महिने अडवून ठेवतो, शेवटच्या वर्षाचा कर परतावाही त्याच खात्यात येतो. विवरणपत्र भरणं बंधनकारक नसेल, तरी स्वेच्छेने भरायला चार वर्षांची मुदत असते. वर्षाच्या मध्येच निघालात तर बहुधा परतावा निघतोच.